पाळकसाहेब

शमुवेल, तुझा झगा चार बोटं लांब झाला होता.
डॉकयार्ड रोडच्या शिंप्यानं माप घेतलं तेव्हा
तू ताठ उभा राहिला असणार, फोटोला राहतात तसा.
रात्री सुहासिनीवहिनींनी तो दुमडून हातशिलाई घातली,
आणि सकाळी तू वेदीकडे जाताना
मला मागच्या बाकावरून फक्त ते टाके दिसत होते,
पांढऱ्यावर किंचित पिवळा दोरा.

एकसष्ट वर्षं. बिशप तुझ्याहून अकरा वर्षांनी लहान.
तू गुडघे टेकलेस तेव्हा चर्चभर शांतता,
आणि त्या शांततेत तुझा डावा गुडघा वाजला.
तो आवाज मी ओळखतो.
माझगावच्या टेकडीवर, पहाटे पावणेचारला,
लोखंडी झाकण सरकवून खड्ड्याशी वाकताना
रोज वाजायचा, आणि तू म्हणायचास,
"चला, घंटा झाली."

तीस वर्षं आपण पाणी सोडलं.
माणसाएवढी चावी, एका टोकाला तू, एका टोकाला मी,
घाण्याच्या बैलांसारखे गोल फिरायचो.
अडतीस आटे उघडायला, अडतीस बंद करायला.
मी आटे मोजायचो. तू काहीतरी पुटपुटायचास;
मला वाटायचं, तूही मोजतोयस.

मग पन्नाशीनंतर तुझ्या खिशात ती वही आली.
पुढून व्हॉल्व्हच्या वेळा,
मागून ग्रीक अक्षरं, साखरेला लागलेल्या मुंग्यांसारखी.
टपरीवर तू मला एक शब्द मोठ्यानं वाचून दाखवलास.
मी म्हणालो, पित्त झालंय का तुला?
पहिल्या वर्षी नापास. दुसऱ्या वर्षी त्याच विषयात परत.
पेढे मी तिसऱ्या वर्षी खाल्ले.

तुमच्या ग्रंथातल्या त्या पोराला, तुझ्याच नावाच्या,
एका रात्रीत पुन्हापुन्हा हाक आली म्हणे, आणि तो उठून धावला.
मी हसलो होतो: तुझी हाक बहुतेक
वॉर्ड ऑफिसच्या फायलीत अडकली.
"दाबच कमी होता रे," तू म्हणालास,
"शेवटच्या चाळीपर्यंत पोचायला वेळ लागतो."

खरं सांगू? मी आज एक बोलायचं ठरवून आलो होतो.
की तुझी दीक्षा केव्हाच झाली,
पाणीकपातीच्या त्या मे महिन्यात,
मागच्या गल्लीतली जैतुनबी गेली
आणि तिला अंघोळ घालायला घरात बादलीभर पाणी नव्हतं.
गल्लीची पाळी दुसऱ्या दिवशी.
मी रजेवर. तू एकट्यानं चावी फिरवलीस, भर दुपारी,
आणि वहीत खरी वेळ लिहिलीस,
दोन दहा ते दोन तीस,
म्हणून तर मेमो मिळाला.
असं काहीतरी जेवणाच्या वेळी उभं राहून बोलेन,
चारजण टाळ्या वाजवतील.

पण बिशपांनी तुझ्या टकलावर हात ठेवला,
मग बाकीच्या पाळकांनी, हातावर हात,
इतके, की तू त्यांच्याखाली दिसेनासा झालास,
नुसते खांदे हलताना दिसले,
आणि मला कळलं, नाही. तेव्हा नाही. आज.
तेव्हा तू देत होतास, आणि देणं तुला जमतंच.
आज तू खाली वाकून घेत होतास.
घ्यायची तुला सवय नाही.

उठताना तोल गेला तुझा. मी बाकावरून अर्धा उठलो,
उजवा हात पुढे, चावी धरतात तसा.
मध्ये सव्वीस रांगा होत्या.
कुणा तरुण पाळकानं तुला धरलं. बरं केलं त्यानं.

नंतर आवारात, पुलावाच्या रांगेत,
तू कागदी ताटली घेऊन सगळ्यांच्या मागे उभा.
मी भाषण केलं नाही. जवळ आलो, घसा साफ केला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा तुला म्हणालो,
"पाळकसाहेब."

तू घाईनं बाजूला झालास,
मागे वळून पाहिलंस,
कोण आलंय ते.